पाळकाचं ताट, लुपेचा दम

सावाई बेट, पाळकाच्या घरातून
मंगळवार, सकाळची प्रार्थना आटोपल्यावर

तीर्थस्वरूप लोसाताईस,

धाकट्या याकोपोचा चटईवर मांडी घालून, मान लववून नमस्कार. (मांडी घातली आहे असं तू समजून घे. गेल्या ख्रिसमसपासून माझे गुडघे मांडीला तयार नाहीत. मानकऱ्यांच्या सभेतसुद्धा मला खुर्ची देतात. बाकी सगळे खाली चटईवर आणि मी एकटा वर, त्यामुळे जो तो माझ्याशी आभाळाकडे बघितल्यासारखा बोलतो. आधी मला तो मान वाटला होता.) तुझी तब्येत कशी आहे? ऑकलंडच्या थंडीनं तुझा खोकला पुन्हा उठवला नाही ना? सामुएलुभावोजींचा नवा पाय त्यांच्या जुन्या पायाशी जुळवून घेतोय का? त्यांना सांग, गाव त्यांची आठवण काढतं, आणि किरिकिटीत त्यांनी बॅटनं मारलेला जो चेंडू समुद्रात गेला होता तो अजून परत आलेला नाही. इकडे आम्ही सगळे देवाच्या आणि गावाच्या कृपेने पोटभर, म्हणजे सुखरूप आहोत. ‘पोटभर’ हा शब्द मी हल्ली जरा जपून वापरतो. का ते पुढे येईलच.

तू बोटीनं पाठवलेलं पार्सल मिळालं. त्याबद्दल तुझे आभार कसे मानू? बूट मऊ आहेत, रुंद आहेत, आणि माझ्या पायांना पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या मापानं वागवलं असं वाटलं. वजनाच्या काट्याचंही मी तुला आनंदानं लिहिलं असतं, पण त्याची कहाणी थोडी निराळी आहे. पार्सल उघडल्याबरोबर सिएनीनं मला त्यावर उभं केलं. काटा निघाला, फिरत गेला, एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि जिथून निघाला होता त्याच्या थोडा पुढे येऊन थांबला. सिएनीनं वाकून आकडा वाचला आणि माझं वजन आमच्या छोट्या लुपेपेक्षाही कमी भरल्याचं जाहीर केलं. माझी बायको श्रद्धाळू आहे हे तू जाणतेस. तिनं तिथल्या तिथे आभाराची प्रार्थना सुरू केली, आणि मीही (पाळक असून) डोळे मिटले. प्रार्थना संपली तेव्हा काट्याची काच तडकलेली होती. मग किनाऱ्यावरच्या दुकानात जिथे खोबऱ्याची पोती मोजतात त्या काट्यावर मला नेलं. ही बातमी माझ्याआधी दुकानात पोचली होती. दुकानदारानं आकडा मोठ्यानं वाचला, जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि कुणीतरी म्हणालं की पलीकडच्या गावच्या पाळकाला यातलं अर्धं तरी येईल का? ताई, माझ्या गावाला माझा अभिमान वाटत होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तोच आकडा ऐकून पेन खाली ठेवलं.

बुटांची गरज का पडली ते मी तुला फोनवर नीट सांगितलं नव्हतं, कारण सिएनी शेजारी उभी होती. रविवारशाळेच्या भिंतीवर मुलांची चित्रं लावतात ना, त्यातली एक टाचणी खाली पडली होती. ती माझ्या चपलेतून वर आली आणि तळव्यात शिरली. मी त्याच पायावर उभा राहून अख्खा उपदेश केला. विषय होता जागरूकता. मला काही म्हणजे काही कळलं नाही. शेवटच्या गाण्याला पहिल्या रांगेतल्या बायका माझ्या पायांकडे बघून रडायला लागल्या. मला वाटलं आज उपदेश काळजाला भिडला, म्हणून मी आणखी एक कडवं म्हणायला लावलं. मग सिएनी उठून आली आणि तिनं मला चटईवरचं रक्त दाखवलं. पुढे टाचणीच्या त्या काट्याचा नायटा झाला, जखम चिघळली, अंगठा काळा पडायला लागला. डॉक्टर म्हणाले, पाळकसाहेब, साखरेनं तुमच्या पायांतली जाणीवच गेलीय, आता रोज संध्याकाळी तळवे बघत जा. आता मला पोटामुळे माझे तळवे दिसायला बरीच वर्षं झाली, म्हणून ते काम लुपे करते. ती पुढ्यात बसून एकेक बोट तपासते आणि ‘पास’ म्हणते. अंगठा वाचला, ताई. त्यात डॉक्टरांच्या औषधाइतकाच या मुलीच्या डोळ्यांचा वाटा आहे.

आणि आता लुपेचंच. तू फोनवर म्हणालीस की मुलांच्या रविवारच्या सणापर्यंत या घरात काही बदललं नाही तर तू येशील आणि लुपेला ऑकलंडला घेऊन जाशील. तू चिडून बोललीस असं सिएनीला वाटलं. मला तसं वाटलं नाही. ज्या बाईनं नवऱ्याचा पाय आधी बोटापासून आणि मग गुडघ्यापासून जाताना पाहिला, तिला आपल्या नातीच्या रक्तात साखर दारात उभी आहे असं कळल्यावर ती दुसरं काय म्हणेल? तुझा हक्कच आहे. ती तुझ्या लेकीची मुलगी. आमची कूस रिकामी म्हणून तू ती दुपट्यात गुंडाळून सिएनीच्या मांडीवर ठेवलीस, आणि आपल्यात भावानं बहिणीचा शब्द मोडायचा नसतो. तू ‘दे’ म्हणालीस तर मला द्यावंच लागेल. तेव्हापासून मला झोप लागत नाही. (तशी ती आधीही लागत नव्हती. झोपेत माझा श्वास मध्येच अडतो आणि सिएनी मला कोपरानं ढोसून पुन्हा चालू करते. पण आता जागं राहण्याला कारण मिळालं.) लुपेचंही तेच. नऊ वर्षांची पोर रात्रभर घोरते आणि दिवसा शाळेत पेंगते. तिच्या मानेवर काळसर पट्टा आला होता. सिएनीला वाटलं मळ आहे. ती रोज सकाळी नारळाच्या काथ्यानं घासायची, लुपे कळवळायची, आणि सिएनी म्हणायची, पाळकाच्या घरातली मुलगी मळक्या मानेनं शाळेत जाणार नाही. मग शाळेत आलेल्या नर्सबाईंनी सांगितलं की अहो, हा मळ नाही, अंगात साखरेची गडबड सुरू झाली की मान अशी काळवंडते, घासून काय होणार? त्या दिवशी सिएनी मोरीत दार लावून रडली. मी बाहेर उभा होतो आणि मला आत जाता आलं नाही, कारण मोरीचं दार अरुंद आहे. हसू नकोस. किंवा हास, आम्हीही नंतर हसलो.

तू म्हणशील, मग खाणं कमी करा की! ताई, तू गाव सोडून फार वर्षं झाली, पण इतकं विसरली नसशील. पाळकाच्या घरी ताट पाठवणं हे काही जेवण पाठवणं नव्हे. रविवारी पहाटे घरोघर दगडभट्ट्या पेटतात, आणि प्रार्थना सुटली की ताटांची रांग लागते. अळूच्या पानात बांधलेलं नारळाचं घट्ट दूध, नीरफणस, भाजलेलं डुक्कर, बकऱ्याची चरबट फासळी, टर्कीची शेपटं, शेवया. कुणाचं ताट किती भरलं ते सगळा गाव बघत असतो. मी एका ताटातलं खाल्लं आणि दुसऱ्यातलं नाही, तर दुसऱ्या घराचं तोंड वर्षभर उतरलेलं राहतं. तेव्हा मी सगळ्यांतलं खातो. हे मी पाळकीचं कर्तव्य म्हणून केलं असं मी लिहिणार होतो, पण टर्कीचं शेपूट मला आवडतं. तरी मी एक रविवार धीर केला आणि व्यासपीठावरून सांगितलं की बाबांनो, अति तिथे माती, माझ्या घरी ताटं कमी पाठवा. आपल्या लोकांत पाहुणा ‘नको’ म्हणाला की त्याचा अर्थ काय घेतात? पुढच्या रविवारी ताटं दुप्पट आली. गावात बोलणं झालं की आपला पाळक किती नम्र आहे बघा! आणि वक्ते मानकरी लेवी संध्याकाळी हातात काठी, खांद्यावर चवरी घेऊन माझ्या ओटीवर येऊन बसले.

“पाळकसाहेब, आमच्या अळवात काही खोट निघाली का?”

“नाही हो लेवी, अळू उत्तम आहे.”

“मग दुसऱ्या गावानं बोलावणं धाडलंय वाटतं? त्यांची डुकरं जास्त चरबीची असतील.”

“मला साखर झालीय, लेवी.”

“साखर आम्हालाही झालीय,” लेवी म्हणाले. “साखर झाली म्हणून माणसानं मान खायचा सोडायचा काय?”

 डॉक्टरांचा कागद दाखवला तर ते म्हणाले, डॉक्टर पलीकडच्या बेटाचा आहे, त्याला आपल्याकडची रीत काय कळणार! शेवटी मी सभेपुढेच विषय नेला. तिथे मी पुन्हा पुन्हा अंगठ्याचं वर्णन केलं (चपला काढून दाखवणारच होतो, पण सभेत मानाच्या कावा पेयाची वाटी फिरत होती). मानकऱ्यांनी गंभीरपणे ऐकलं आणि कायदा केला. पाळकाच्या घरी चरबीचं मांस आणि नारळाचं दूध नेणं बंद. मोडेल त्याला दंड, एक मोठं डुक्कर आणि मासळीच्या डब्यांची खोकी. गावची तरणी पोरं माझ्या फाटकावर पहाऱ्याला बसली. मी त्या दिवशी इतका खूश झालो की सिएनीला म्हणालो, बघ, गाव शहाणं आहे, फक्त नीट सांगावं लागतं.

पुढच्याच रविवारी लेवींची सून दुपट्यात बाळ गुंडाळून फाटकाशी आली. बाळाला पाळकांचा आशीर्वाद हवा होता. पोरांनी वाट दिली. ती माझ्यापुढे बसली, बाळाला झुलवत होती, आणि मी डोळे मिटून कपाळावर हात ठेवला तर चटका बसला.  मी ओरडलो, अगं, बाळ तापानं फणफणलंय, याला आधी दवाखान्यात ने! ती हसायची थांबेना. फाटकावरची पोरं वास काढत आत आली आणि त्यांनी दुपटं उघडलं. आत भट्टीतून नुकतं काढलेलं डुकराचं पिल्लू होतं, तोंडात संत्रं. मी त्याच्यासाठी अर्धी प्रार्थना म्हणून बसलो होतो, ती तशीच सोडणं बरं दिसेना, म्हणून जेवणाआधीची म्हणून पुरी केली.

लेवींना दंड झाला. त्यांनी ताठ मानेनं भरला, अख्ख्या गावादेखत, डुक्कर आणि खोकी. आणि इथे आमच्या सगळ्यांच्या शहाणपणाची परीक्षा झाली. दंडाची वाटणी रीतीप्रमाणेच व्हायची. ज्याचा मान त्याला तो तुकडा, आणि पाठीचा सगळ्यात मानाचा तुकडा कुणाचा? पाळकाचा! कायदा करताना हे एकाही मानकऱ्याच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. म्हणजे सकाळी पिल्लू आलं ते आलंच, दुपारी त्याची आईही आली. बाकीच्या घरांनी हे पाहिलं आणि त्यांना वाटलं, लेवींनी ताटही दिलं आणि वर दंडही दिला, म्हणजे त्यांचा मान दुप्पट झाला, मग आपण मागे का? त्यानंतर लोक कायदा मोडायला रांग लावू लागले. एकानं तर माझ्या फाटकावर पहारेकऱ्यांची वाट पाहिली, कारण ते कुठेतरी पाणी प्यायला गेले होते आणि त्याला पकडायला कुणी नव्हतं. आगीतून निघून फुफाट्यात म्हणतात ते हेच. माझ्या घरात इतकं मांस आयुष्यात आलं नव्हतं.

आता जे लिहितो ते हसण्यासारखं नाही. इतकं सगळं मी एकटा कसा खाणार होतो? तुला काय सांगायचं, आपण दोघंही असेच वाढलो. आधी मोठ्यांनी जेवायचं, मग त्यांच्या ताटात उरलेलं मुलांनी. आबांच्या ताटात काय उरतंय त्यावर आपण दाराआडून डोळा ठेवायचो. फक्त तेव्हा फार थोडं उरायचं. माझ्या ताटात डोंगर उरतो, आणि माझ्या घरात मूल एकच आहे. मी डॉक्टरांच्या भीतीनं जेवढं कमी खाऊ लागलो तेवढं लुपेला जास्त मिळू लागलं. ही गोष्ट इतके महिने माझ्या डोळ्यांदेखत होत होती आणि मला ती रविवारशाळेच्या तालमीत कळली.

मुलांच्या रविवारी कुणी कुठलं वचन पाठ म्हणायचं ते लेवी ठरवतात. ते मुलांना शिकवतात, खणखणीत, वक्त्यासारखं, छाती पुढे काढून. लुपेचा आवाज गावात पहिला आहे असं ते सगळ्यांना सांगतात, म्हणून सगळ्यांत लांब वचन तिला दिलं होतं. ती पुढे येऊन उभी राहिली, अर्धी ओळ म्हणाली, थांबली, श्वास घेतला, पुन्हा अर्धी ओळ म्हणाली. तिसऱ्या ओळीला छाती भात्यासारखी हलायला लागली. ती म्हणाली, “लेवीआजोबा, मी बसून म्हणू?” आणि पायरीवर बसली, आणि बसल्या बसल्या, सगळ्या मुलांसमोर, झोपून गेली. तोंड उघडं. मुलं हसली. लेवींनी नुसती काठी आपटली तशी सगळी चूप झाली.

“पोर आजारी आहे का?” त्यांनी मला विचारलं.

“हो.”

“तिचा आवाज काही फक्त तुमच्या घरचा नव्हे, गावचा आहे. कोण अडवतंय तिचा दम?”

मला राग आला होता, ताई. कुणावर ते मलाच ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, “तुमचं पिल्लू अडवतंय, लेवी. आणि त्याची आई. आणि मी. माझ्या ताटातलं सगळं हीच खाते. आता माझी बहीण येऊन हिला घेऊन जाणार आहे, आणि मी तिला नाही म्हणू शकत नाही.”

लेवी बोलायला उभे राहिले की सूर्य मावळतो अशी त्यांची ख्याती. त्या दिवशी ते उभेच राहिले नाहीत. लुपेच्या शेजारी पायरीवर बसले आणि तिच्या तोंडावरच्या माश्या चवरीनं वारत राहिले, ती जागी होईपर्यंत. सभेत बोलण्याचा हक्क सांगणाऱ्या त्या चवरीचा मान काय असतो ते तुला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सभा त्यांनीच बोलावली. माझ्या अंगठ्यानं जे झालं नाही ते तुझ्या नावानं झालं. लेवी म्हणाले, गावानं पाळकाला बहिणीच्या जागी, म्हणजे जिचा शब्द मोडत नाहीत तिच्या जागी मानलंय, आणि आता पाळकाची सख्खी बहीण समुद्र ओलांडून येणार आणि मूल उचलून नेणार, म्हणजे सगळी बेटं म्हणतील की या गावाला एक पोर सांभाळता आली नाही. हे ऐकून म्हाताऱ्या मानकऱ्यांनी माना खाली घातल्या. मग लेवी म्हणाले की मान ताटात किती घातलं यावर नसतो, ते ताट घेऊन कोण किती बोलतं यावर असतो. (हे त्यांनी वक्ता म्हणून स्वतःच्या सोयीचं काढलं असं मला तेव्हाही वाटलं.) सगळ्यांना ते पटलं. रविवारी पहिलं ताट आलं. पुढे शंख फुंकणारा, मागे फुलांच्या माळा घातलेल्या बायका, मध्ये लेवींचा मुलगा दोन्ही हातांवर ताट धरून. ताटात एक उकडलेलं हिरवं केळं. त्या केळ्यावर लेवी इतका वेळ बोलले की केळं गार झालं. त्याचं मूळ, त्याची वंशावळ, ते लावणाऱ्या पूर्वजाची नाव कुठल्या बेटावरून निघाली तिथपासून. दुसऱ्या घरानं मग अर्धं पपईचं फळ आणलं आणि त्यांचा वक्ता लेवींपेक्षा जास्त बोलला. आता गावात चढाओढ लागलीय ती ताट लहान करण्याची. मागच्या रविवारी एका घरानं माशाचा एवढासा तुकडा आणला आणि ते आनंदानं रडत होते. मी भाषणं ऐकून उपाशी राहतो. डॉक्टरांना मी सांगितलं तर ते म्हणाले, हे औषध आमच्याकडे नव्हतं.

आणि चालणं! तेही आता पाळीवर आहे. रोज पहाटे एकेक घर मला फिरवायला नेतं, आणि कुणी जास्त लांब नेलं यावर त्यांचा मान. लेवींच्या घराची पाळी होती तेव्हा त्यांनी मला गावाची शीव ओलांडून पलीकडच्या गावातून मिरवत नेलं, तिथल्या पाळकाच्या खिडकीखालून, दोनदा. मी परत फिरा म्हणालो की त्यांना मी नम्रपणा करतोय असं वाटतं. तुझे बूट नसते तर मी त्या वाटेवरच राहिलो असतो. लुपेला बायकांच्या मंडळानं किरिकिटीत घेतलंय. आधी ती नुसती शिट्टी वाजवायची, मग सीमेवर उभी राहिली, आणि शनिवारी तिनं धावून एक धाव काढली. एकच, आणि पोचली ती आडवीच पडली, पण सबंध गाव मैदानात नाचला. सिएनीनं तिची मान धरून तिथेच मुका घेतला. नर्सबाई म्हणतात काळेपणा उतरतोय, साखर दारातून हललेली नाही पण आत आली नाही, आणि घाई करू नका, मुलीला उपाशी ठेवू नका, रागावू नका. आता घरात आम्ही तिघं एकाच वेळी, एका चटईवर जेवतो (मी खुर्चीवर). उरलेलं खाण्याची रीत आम्ही मोडली. आबा असते तर त्यांना चाललं नसतं.

ताई, मला तुझे आभार मानायचे आहेत. नुसत्या बुटांबद्दल नव्हे. तू ओरडलीस त्याबद्दल. सगळं जग मला भरवत होतं, तू एकटी ओरडलीस. आणि या गावाचेही, ज्यानं प्रेमानं मला आजारी पाडलं आणि आता त्याच प्रेमानं मला पहाटे खाटेवरून ओढून काढतंय. मी इतका माझ्या लायकीपेक्षा जास्त जपला गेलेला माणूस आहे की रडू येतं. भावोजींच्या दोन्ही पायांना नमस्कार, जुन्याला आधी.

तुझ्या आशीर्वादावर उभा असलेला (आता थोडा हलका)
याकोपो

ता. क. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. हे एवढं लांबलचक पत्र मी ज्या एका वाक्यासाठी लिहायला बसलो ते वर कुठेही आलं नाही. ताई, या वर्षी मुलांच्या रविवाराला पिसुपोचे डबे पाठवू नकोस. दर वर्षी बोटीतून तुझं खोकं उतरतं आणि मी ते किनाऱ्यावरून डोक्यावर घेऊन येतो, गाव बघतं, माझी छाती फुगते. लुपे ते खारं मांस चमच्यानं डब्यातूनच खाते. मी एकदा डबा काढून घेतला तर म्हणाली, हे आजीनं दिलंय, हे खाल्लं की आजी जवळ असते. गावच्या मानकऱ्यांना नाही म्हणायला मी शिकलो, पण बहिणीनं दिलेलं नको म्हणायची भाषा आपल्याकडे नाही, म्हणून मी डुकरापासून सुरुवात केली. रागावू नकोस. डब्यांऐवजी किरिकिटीचा एक चेंडू पाठव. भावोजींनी घालवलेला अजून आलेला नाही.

ता. क. वन्सं, मी सिएनी. यांनी पत्र वाचून दाखवलं म्हणून लिहिते. पलीकडच्या गावातून दोनदा नेलं हे खरं आहे, पण दुसऱ्यांदा लेवींच्या ट्रकमधून. आणि ‘डबे नकोत’ असं इतकं कळवळून लिहिणाऱ्या तुमच्या भावाच्या गाण्याच्या पुस्तकात काल मला पिसुपोचा डबा उघडायची किल्ली सापडली. ती आता माझ्याकडे आहे. तुम्ही काळजी करू नका. ते खरंच प्रयत्न करतात. रात्री आता मला त्यांना कमी ढोसावं लागतं.

ता. क. आजी, मी लुपे. माझं वचन आता पूर्ण होतं. मी दोनदा थांबते, पण लेवीआजोबा म्हणतात तिथे थांबायचंच असतं. बाबा कोणाला कळू न देता रडतात, की तू मला न्यायला येणार. मी त्यांचे तळवे रोज बघते, ते काम इथे दुसऱ्या कुणाला येत नाही. म्हणून तू मला घेऊन जायला येऊ नकोस. ऐकायला ये.